डोंगराआडचं चित्र

यंदाच्या अंकाचा विषय 'पोहोच' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला सर्वात आधी सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा आठवला. पुण्यात राहणाऱ्याला तो दिशा दाखवतो. पाऊस उघडला की दक्षिणेला मनोरा दिसतो आणि गड कुठे आहे ते कळतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, त्याचे कार्यक्रम सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रातून पुण्याला दिसू लागले. पूर्वेकडच्या सपाटीवर, गडापासून कितीतरी लांबच्या गावांत चित्र पोहोचलं. पश्चिमेकडे मुळशी तालुका त्या मानाने अगदी जवळ, तरी तिथल्या अनेक वाड्यांनी वर्षानुवर्षं पडद्यावर चित्राऐवजी थरथरत्या ठिपक्यांच्या मुंग्याच पाहिल्या.

मुळशी तालुक्यातलं पौड गडापासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्याही आत येतं. मुळशी धरणाची भिंत तीस किलोमीटरच्या आसपास आहे. दूरदर्शनच्या उच्चशक्ती केंद्रांचं नेहमीचं माप १० किलोवॅट, म्हणजे दहा हजार वॅट. एवढी ताकद लावूनही इतक्या जवळच्या खोऱ्यात चित्र का पोहोचू नये? उत्तर शोधायला मी आधी गडावर गेले, मग मुळशीत. शिवाय दूरदर्शनच्या उच्चशक्ती केंद्रांत ज्यांची सारी नोकरी झाली अशा एका निवृत्त अभियंत्यांकडे वही घेऊन बसले. प्रक्षेपकाच्या पोटात सिग्नल पायरीपायरीने कसा मोठा होतो, हे त्यांच्याकडून समजून घ्यायचं होतं. ते कळल्यावर मुळशीचं कोडंही बरंचसं सुटलं.

गडाने उचललेला भार

सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची तेराशे मीटरच्या आसपास आहे, आणि पायथ्यापासून गड सातशे मीटरहून अधिक उठलेला आहे. मुंबईला सपाट जमीन असल्यामुळे वरळीला सुमारे ३०० मीटरचा पोलादी मनोरा उभारावा लागला. पुण्याच्या बाबतीत तो भार सह्याद्रीने आधीच उचलून ठेवला होता.

टीव्हीच्या या लहरी मीटर-दीड मीटर लांबीच्या असतात. त्या बहुतांशी सरळ जातात, क्षितिजाशी थोड्याशा वाकतात आणि पुढे विरतात. सातशे-साडेसातशे मीटर उंचीवरून सुटलेल्या अशा लहरीचं क्षितिज शंभर किलोमीटरच्या पुढे जातं. मध्ये अडथळा नसेल तर दौंडपर्यंतची सपाटी सहज तिच्या टप्प्यात येते.

तटावरून उत्तरेला पाहिलं की खडकवासल्याचं पाणी दिसतं आणि त्यामागे पुण्याचा पसारा. वायव्येला मात्र डोंगरांच्या रांगाच रांगा दिसतात. मोसे, मुठा, मुळा या नद्यांची खोरी त्यांनी एकमेकांपासून तोडलेली आहेत. पौडचं खोरं नेमकं अशा रांगांच्या पलीकडे आहे, आणि पश्चिमेकडे ताम्हिणीपर्यंत ते आणखी अरुंद आणि खोल होत जातं. गडावर उभं राहून पौड शोधलं तर दिसत नाही. डोळ्याला जे दिसत नाही ते त्या लहरीलाही फारसं दिसत नाही, ही या गोष्टीतली पहिली अडचण.

चित्र म्हणजे एक व्होल्ट

निवृत्त अभियंत्यांनी वहीत ओळीने चौकोन काढायला घेतले आणि पहिल्या चौकोनाआधी लिहिलं, '१ व्होल्ट'.

स्टुडिओतून किंवा उपग्रहाच्या डिशवरून प्रक्षेपकाशी येणारं चित्र एवढंच असतं. विजेरीतल्या एका सेलपेक्षाही कमी. त्यातला सुमारे ०.७ व्होल्टचा भाग चित्राचा आणि ०.३ व्होल्टचा भाग ताल सांभाळणाऱ्या खुणांचा. नवी ओळ कुठे सुरू होते, नवी चौकट कुठे सुरू होते, हे या खुणा टीव्हीला सांगतात. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत एका चौकटीत ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चौकटी होत्या. एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. त्यातले सुमारे ५२ मायक्रोसेकंद चित्राचे, बाकीचा वेळ परत फिरण्याचा आणि खुणांचा.

हा एक व्होल्ट आधी 'एक्सायटर' नावाच्या कपाटात जातो. तिथे तो एका वाहक लहरीवर चढवला जातो. गंमत अशी, की ही लहर अजून त्या केंद्राच्या वाहिनीची नसते. देशभरातल्या अशा प्रक्षेपकांत चित्रासाठी ३८.९ मेगाहर्ट्झ आणि आवाजासाठी ३३.४ मेगाहर्ट्झ ही मधली लहर ठरलेली होती. सगळी नाजूक कामं याच टप्प्यावर उरकली जातात. लहरीच्या दोन बाजूंपैकी एक बरीचशी छाटून जागा वाचवणं, चित्राची उंची-खोली मोजून सारखी करणं, पुढे होणाऱ्या बिघाडाचा उतारा आधीच मिसळून ठेवणं, हे सगळं इथे होतं. त्यानंतर दुसऱ्या एका स्थिर लहरीशी मिश्रण करून हा सिग्नल त्या केंद्राच्या खऱ्या वाहिनीवर नेला जातो.

नाजूक काम इतक्या आधी का, असं मी विचारलं. अभियंत्यांच्या उत्तराचा सारांश असा, की इथे सगळं मिलिवॅटमध्ये चाललेलं असतं. चूक झाली तर एक पट्टी काढून दुसरी बसवता येते, तपासणीचं यंत्र कुठेही जोडता येतं. दहा किलोवॅटवर असली कारागिरी जमत नाही. तिथे फक्त ताकद द्यायची.

दहा लाख पट, पण एका उडीत नाही

एक्सायटरमधून सिग्नल निघतो तेव्हा तो काही मिलिवॅटचा असतो. समजा दहा. मनोऱ्यावर पाठवायचे आहेत दहा हजार वॅट. म्हणजे वाढ दहा लाख पटीची, इंजिनिअरांच्या मापात ६० डेसिबलची. या मापात दर १० डेसिबलला ताकद दसपट होते, त्यामुळे पायऱ्यांची वाढ गुणत बसावं लागत नाही, नुसती बेरीज केली की भागतं.

मग सरळ दहा लाख पटीचं एकच यंत्र का करत नाहीत? याला तीन कारणं आहेत. एक म्हणजे कुठलाही एक ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह एवढी वाढ देऊ शकत नाही, दहापट, वीसपट, फार तर पन्नास-शंभरपट देतो. दुसरं असं, की बाहेर पडलेल्या प्रचंड ताकदीतला लाखावा अंश जरी चुकून मागे वळून आत शिरला, तरी यंत्र स्वतःलाच पुन्हा पुन्हा वाढवत सुटतं आणि चित्राऐवजी स्वतःचीच लहर ओरडून सांगू लागतं. म्हणून प्रत्येक पायरी वेगळ्या धातूच्या पेटीत बंद करायची, तिची जमीन वेगळी, तिचा वीजपुरवठा गाळून घेतलेला. आणि तिसरं कारण उष्णतेचं. मिलिवॅट हाताळणारी चकती आणि किलोवॅट हाताळणारा व्हॉल्व्ह यांची देहयष्टीच निराळी.

म्हणून साखळी अशी असते: मिलिवॅटवरून काही वॅट, तिथून दोन-तीनशे वॅट आणि शेवटी दहा किलोवॅट. मधल्या पायरीला 'ड्रायव्हर' म्हणतात आणि शेवटच्या पायरीला 'पीए', म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायर. केंद्रातल्या बोलण्यात पीए हाच शब्द. पीए गरम झाला, पीएने ट्रिप घेतली, आज पीएचा करंट जरा जास्त आहे.

वाढ होते म्हणजे नेमकं काय होतं, हे मुळशीच्या माणसाला सांगायचं तर पाण्याचं उदाहरण सोपं. पाटाचं दार वर-खाली करायला एका माणसाचा हात पुरतो, पण त्या दाराखालून धावतं ते धरणाचं पाणी. हाताने पाणी निर्माण केलेलं नसतं, किती सोडायचं ते ठरवलेलं असतं. अॅम्प्लिफायरमध्ये लहान सिग्नल हा तो हात, आणि पाणी म्हणजे वीजपुरवठा. बाहेर पडणारा मोठा सिग्नल लहान सिग्नलचाच फुगलेला देह नसतो. तो विजेच्या तारेतून आलेल्या ताकदीला लहान सिग्नलने दिलेला आकार असतो. म्हणूनच प्रक्षेपक आत जेवढी वीज घेतो तेवढी लहर देत नाही, बराच भाग उष्णता होऊन जातो.

मुळशीबद्दल हे लिहिताना एक गोष्ट मनात येतेच. इथल्या धरणाचं पाणी कोकणात भिऱ्याला उतरवून टाटांच्या वीजघरात १९२७ पासून वीज तयार होते. त्या धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभारला होता. ताकद एका ठिकाणी तयार व्हावी आणि पोहोचावी दुसरीकडे, हे या तालुक्याने टीव्हीच्या कितीतरी आधी पाहिलेलं आहे.

पीएच्या पोटात

जुन्या उच्चशक्ती प्रक्षेपकांत शेवटच्या पायरीला सिरॅमिक आणि धातूचा टेट्रोड व्हॉल्व्ह असे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने असे व्हॉल्व्ह आणि ते वापरणारे प्रक्षेपकही देशातच बनवले. मधोमध तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो. त्याच्याभोवती तारांची एक बारीक जाळी, कंट्रोल ग्रिड, सिग्नल तिच्यावर येतो. तिच्या बाहेर दुसरी जाळी, स्क्रीन ग्रिड. सर्वात बाहेर अॅनोड, त्याच्यावर हजारो व्होल्ट. पहिल्या जाळीवर थोडंसं वर-खाली झालं की अॅनोडकडे धावणारा इलेक्ट्रॉनचा लोंढा त्याच तालात कमी-जास्त होतो. दुसरी जाळी अॅनोडचा परिणाम पहिल्या जाळीपर्यंत उलटा पोहोचू देत नाही. वर सांगितलेली ओरड थांबवायचं काम तिचंच.

हा व्हॉल्व्ह बसतो 'कॅव्हिटी'त. पितळेच्या किंवा तांब्याच्या, आतून चांदीचा मुलामा दिलेल्या नळकांड्यात. त्याची लांबी आतल्या दट्ट्याने कमी-जास्त करून तो वाहिनीला जुळवायचा. ही जुळवणी बोटांच्या अंदाजाने चाले. एक चाक अर्धा फेरा फिरवायचं, पडद्यावरची रेषा पाहायची, पुन्हा पाव फेरा मागे. वाहिनी ७ मेगाहर्ट्झ रुंद. त्या सगळ्या रुंदीत वाढ सारखी हवी. रेषा एका बाजूला कलली तर चित्राच्या कडा बोथट होतात किंवा रंग फिका पडतो.

आवाजाची वाट वेगळी. त्याला साधारण चित्राच्या दहाव्या हिश्श्याइतकी ताकद पुरते. आवाज लहरीच्या वारंवारतेत लिहिलेला असतो, उंचीत नाही. त्यामुळे त्याचा अॅम्प्लिफायर थोडा आडदांड असला तरी चालतं. चित्र मात्र लहरीच्या उंचीतच लिहिलेलं. तिथे एकास एक प्रमाण सुटलं की चेहऱ्याचा रंगच बदलतो. शेवटी दोघांची ताकद 'डायप्लेक्सर'मध्ये अशा रीतीने एकत्र येते, की एकाची लहर दुसऱ्याच्या घरात शिरू नये, आणि मग जाड नळीसारख्या फीडरमधून ती मनोऱ्यावर चढते.

मला सर्वात जास्त आवडली ती गोष्ट अंधाराची. या पद्धतीत चित्र उलटं चढवलेलं असतं. पडदा जितका काळा तितकी लहर उंच, जितका पांढरा तितकी ठेंगणी. ताल सांभाळणारी खूण सर्वात उंच, पूर्ण शंभर टक्के. काळ्या रंगाला पंच्याहत्तरच्या आसपास आणि पूर्ण पांढऱ्याला दहा. ताकद उंचीच्या वर्गाने वाढते. म्हणजे काळ्या पडद्याला शिखराच्या निम्म्याहून थोडी जास्त ताकद लागते आणि पांढऱ्या पडद्याला जेमतेम एक टक्का. मालिकेत रात्रीचा प्रसंग आला की पीएचा मीटर वर सरके. ड्यूटीवरचा माणूस पडद्याकडे न पाहताही उजेड-अंधार सांगू शके. यामागे विचार होता. ताल सांभाळणाऱ्या खुणांना सर्वाधिक बळ मिळालं, तर कमजोर भागातही चित्र जागेवर टिकतं. आणि वाटेत मिसळणारे खडखडाट बहुतेक काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. पांढऱ्या ठिपक्यांपेक्षा डोळ्याला ते कमी खुपतात.

मोठ्या ताकदीवर व्हॉल्व्ह थोडं वाकडं वागतोच. शिखराजवळ तो वाढ कमी देतो, म्हणजे उंच भाग दबतात. हे टाळता येत नाही, म्हणून एक्सायटरमध्येच सिग्नल उलट्या बाजूला तेवढा वाकवून ठेवायचा. उंच भाग आधीच थोडे अधिक उंच. पीए त्यांना दाबतो आणि मनोऱ्यावर चित्र सरळ पोहोचतं. हे जुळवण्यासाठी पीएचा स्वभाव ठाऊक हवा. व्हॉल्व्ह जुना झाला की स्वभाव बदलतो, मग उताराही बदलायचा.

आधी वारा, मग आग

प्रक्षेपक चालू करण्याचा क्रम मी अभियंत्यांकडून दोनदा वदवून घेतला. आधी ब्लोअर. वाऱ्याचा दाब पुरेसा झाला की फिलामेंट, आणि ते नीट तापायला काही मिनिटं थांबायचं. मग ग्रिडवरचा बायस. त्यानंतर अॅनोडचे हजारो व्होल्ट आणि स्क्रीन. सर्वात शेवटी सिग्नल. बंद करताना उलट क्रम, आणि ब्लोअर शेवटी, व्हॉल्व्ह गार होईपर्यंत चालू ठेवून. हा क्रम कुणाच्या स्मरणावर सोडलेला नसतो. एक पायरी झाल्याशिवाय पुढच्या पायरीचा स्विच घेतलाच जात नाही, अशी कुलपं तारांतच गुंफलेली असतात. वारा थांबला तर सगळं आपोआप खाली येतं. दार उघडलं तरीही.

दार उघडल्यावरची शिस्त मात्र माणसाने पाळायची. आत हात घालण्याआधी अर्थिंग रॉड, म्हणजे लाकडी किंवा फायबरच्या दांड्याला तांब्याचा आकडा आणि त्याला जमिनीशी जोडलेली वेणीची तार. तो आकडा अॅनोडच्या जोडणीला आणि मोठ्या कपॅसिटरना लावायचा आणि काम संपेपर्यंत तिथेच अडकवून ठेवायचा. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका साठा राहू शकतो. "मीटर शून्य दाखवतोय म्हणून हात घालू नका, रॉड लावा आणि मग हात घाला," असं ते नव्या मुलांना बजावायचे.

तासातासाला लॉगबुकात आकडे लिहायचे. प्लेट व्होल्टेज, प्लेट करंट, पुढे गेलेली ताकद, परत आलेली ताकद. यातला शेवटचा आकडा फार बोलका. मनोऱ्यावरच्या अँटेनाने घेतलेली सगळी ताकद हवेत जायला हवी. फीडरमध्ये पाणी शिरलं, जोड ढिला झाला किंवा विजेने अँटेनाचा एखादा भाग जाळला, तर ताकदीचा काही हिस्सा परत फिरतो आणि पीएच्या अंगावर येतो. ठरलेली मर्यादा ओलांडली की प्रक्षेपक स्वतःला बंद करून घेतो. पावसाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या केंद्रांत हा आकडा रात्रभर डोळ्यात तेल घालून पाहावा लागे.

स्टुडिओत काही बिघडलं की पडद्यावर 'व्यत्यय'ची पाटी लागे. प्रक्षेपकच पडला तर ती पाटी दाखवायलाही कुणी नसे. घराघरात एकाच क्षणी मुंग्या उठत. दहा किलोवॅटचं सगळं ओझं एका व्हॉल्व्हवर असल्याचा हा परिणाम. पुढे ट्रान्झिस्टरचे प्रक्षेपक आले, त्यांनी हे बदललं. हजारो व्होल्टऐवजी पन्नासच्या आसपास व्होल्टवर चालणारे अनेक छोटे अॅम्प्लिफायर समांतर लावायचे आणि त्यांची ताकद एकत्र करायची. एक पट्टी जळाली तर ताकद थोडी कमी होते, चित्र जात नाही. चालू प्रक्षेपकातून पट्टी बाहेर काढून नवी सारता येते.

मुळशीच्या छपरांवर

पौडच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करण्यात हयात घालवलेले एक काका भेटले. त्यांच्या दुकानात आता पंखे आणि मोबाइलचे चार्जर जास्त दिसतात, पण माळ्यावर अॅल्युमिनियमच्या अँटेनांचा भारा अजून आहे. "ताई, त्या वेळी आम्ही टीव्हीपेक्षा छपरावर जास्त असायचो," ते म्हणाले. वर एक माणूस, दारात एक, आत एक. आलं का? थोडं डावीकडं. गेलं, परत आण. आलं, आता हलवू नको.

त्या छपरावर किती सिग्नल पोहोचत असेल, याचा हिशोब करून पाहिला. मोकळ्या हवेत, मध्ये काही आडवं न येता, १० किलोवॅट आणि चांगल्या मनोऱ्यामागे पंचवीस किलोमीटरवरच्या साध्या अँटेनाला मिळतो एक-दोन मायक्रोवॅट. म्हणजे सोडलेल्याचा साधारण दहा अब्जावा भाग. दहा लाख पटीची सगळी कमाई वाटेत जाते आणि वर तिच्या हजारो पट तोटा होतो. तरी घाबरायचं कारण नाही. टीव्हीला याच्या हजाराव्या हिश्श्यातही बऱ्यापैकी चित्र दाखवता येतं. गडाच्या थेट नजरेतल्या गावांना म्हणूनच दोन दांड्यांच्या अँटेनावरही चित्र मिळालं.

डोंगर आडवा आला की हिशोब बदलतो. लहर माथ्यावरून थोडी खाली झुकते, पण जी झुकते ती हजार पटीने, कधी त्याहूनही कमी झालेली असते. अँटेना जितकी खोल दरीत, तितकी सावली दाट. गडावरची ताकद दुप्पट केली असती तर? सावलीतली ताकदही दुप्पट झाली असती, म्हणजे फक्त ३ डेसिबल वाढली असती. काका म्हणतात तसं, अँटेनाचा बांबू दहा फूट उंच केला तर त्याहून जास्त फरक पडायचा.

मुंग्या म्हणजे सिग्नलचा अभाव नव्हे. त्या बऱ्याचशा खुद्द टीव्हीच्या आतून येतात. कुठल्याही उबदार वस्तूतले इलेक्ट्रॉन सतत थरथरत असतात. अँटेनात, तारेत, पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये ती थरथर असतेच. सिग्नल तिच्याहून पुष्कळ मोठा असेल तर ती दिसत नाही, दोन्ही सारख्या पातळीला आले की पडदा मुंग्यांनी भरतो. आता बूस्टर लावला तर तो दोन्ही वाढवतो, वर स्वतःची थरथर मिसळतो.

लोक बूस्टर आणत आणि टीव्हीशेजारी फळीवर ठेवत. अँटेनापासून टीव्हीपर्यंत चपटी वायर, पावसाने भिजलेली, जोडावर गंजलेली. आधीच क्षीण सिग्नल त्या वायरीत अर्धा व्हायचा आणि उरलेला बूस्टरला मिळायचा. त्याने काही साधत नसे. काकांनी बूस्टर बांबूच्या टोकाला, अँटेनाच्या अगदी बुडाशी बांधायला सुरुवात केली आणि त्याची वीज खालून त्याच केबलमधून वर पाठवली. सिग्नल अजून शाबूत असतानाच त्याला उचलायचं. अनेक पायऱ्यांच्या साखळीत एकूण गढूळपणा किती, हे मुख्यतः पहिली पायरी ठरवते. पहिल्या पायरीने पुरेसं उचललं की मागच्या पायऱ्यांचे दोष त्यापुढे नगण्य ठरतात. आणि पहिल्या पायरीआधी जे हरवलं ते पुढे कितीही पायऱ्या लावल्या तरी परत येत नाही. हा नियम पुस्तकात सूत्राच्या रूपात असतो, काकांना तो छपरावर सापडला होता.

काही वाड्यांत मुंग्या नसत, पण चित्र डबल दिसे. एक माणूस आणि त्याच्या उजवीकडे त्याचीच फिकी आकृती. एक लहर सरळ आली आणि दुसरी समोरच्या कड्यावर आपटून उशिरा आली, तर असं होतं. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. कड्यावरून आलेली वाट तीन किलोमीटरने लांब असेल तर उशीर दहा मायक्रोसेकंद, आणि ५२ मायक्रोसेकंदांच्या ओळीत तो जवळजवळ पाचवा हिस्सा भरतो. वीस इंची टीव्हीवर ही आकृती आठेक सेंटिमीटर सरकलेली दिसणार. इथे तर बूस्टर काहीच कामाचा नाही. दोन्ही लहरी खऱ्याच आहेत, तो दोन्ही वाढवतो. उपाय एकच, जास्त दांड्यांची अँटेना लावून तिची पाठ कड्याकडे करायची. आणि सरळ लहर अगदीच क्षीण असेल तर उलट करायचं, गडाकडे पाठ फिरवून कड्याकडे तोंड करायचं आणि आपटून आलेलंच चित्र पाहायचं. काकांनी काही घरांना तसं करून दिलेलं आहे. दूरदर्शनचा 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम त्या घरांत कातळावर आपटून पोहोचायचा.

सावली नसलेली दिशा

आज माले, निवे, ताम्हिणीच्या वाटेवर जवळजवळ प्रत्येक घरावर छोटी डिश दिसते. सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून. दूरदर्शनची मोफत डिशसेवा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या ३६ हजार किलोमीटर वर उभ्या असलेल्या उपग्रहावरून येते. मुळशीतून तो क्षितिजापासून साठ अंशांच्या थोडा खाली दिसतो. एवढ्या उंच कोनाला आडवा येईल असा डोंगर गावांच्या आसपास सहसा नसतो. त्या उपग्रहातल्या एकेका अॅम्प्लिफायरची ताकद साधारण शे-दीडशे वॅटच्या घरात. दहा किलोवॅट पंचवीस किलोमीटर जाऊ शकले नाहीत, तिथे शे-दीडशे वॅट ३६ हजार किलोमीटरवरून पोहोचले. कारण वाट मोकळी होती, आणि कारण घरच्या डिशने आकाशाच्या एका बिंदूकडेच लक्ष लावलं.

डिशच्या तोंडाशी जो बोटभर लांबीचा डबा असतो तो एलएनबी. त्यात सर्वात कमी थरथरीचा अॅम्प्लिफायर आहे, अगदी सिग्नल गोळा होतो तिथेच बसवलेला. त्याची वीज खालच्या सेट टॉप बॉक्समधून त्याच केबलने वर जाते. पौडच्या काकांची बांबूच्या टोकाची युक्ती आता कारखान्यातूनच बनून येते.

याची किंमत मुळशीला पावसात मोजावी लागते. गडावरच्या लांब लहरींना पाऊस जवळजवळ दिसतच नसे. उपग्रहाच्या या लहरी तीनेक सेंटिमीटरच्या, त्या जाड थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. ताम्हिणीत आषाढाचा पाऊस कोसळू लागला की चित्र जातं. आणि ते मुंग्यांनी झाकोळत जात नाही, एकदम थबकतं, चौकोनांत फुटतं आणि बंद होतं. डिजिटल सिग्नल ठरावीक पातळीपर्यंत स्वच्छ राहतो आणि तिच्याखाली काहीच देत नाही. अॅनालॉगमध्ये मुंग्यांच्या आडून का होईना, बातम्या ऐकू तरी यायच्या.

देशातली बहुतेक सगळी अॅनालॉग भूप्रक्षेपणं २०२२ च्या मार्चअखेर बंद झाली. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण मुंबई, छत्रपती संभाजीनगर अशा निवडक शहरांतून सुरू झालं होतं. त्याच्या अॅम्प्लिफायरांपुढची अडचण निराळी. हजारो छोट्या लहरी एकाच वेळी एकत्र पाठवल्या जातात आणि कधीमधी त्या सगळ्या एकाच क्षणी वर येतात, तेव्हा शिखर सरासरीच्या दहापट आणि त्याहूनही उंच जातं. ते शिखर दबू नये म्हणून अॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीच्या बराच खाली चालवावा लागतो. इथेही उतारा एक्सायटरमध्येच मिसळतात, फक्त आता तो संगणकच मोजतो आणि क्षणाक्षणाला बदलतो. मोबाइलच्या मनोऱ्यांतही हेच चालतं.

जपण्याजोगं

या सगळ्या फिरण्यातून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. पोहोच वाढवायची म्हणजे ताकद वाढवायची, असं आपण धरून चालतो. साखळीच्या दोन्ही टोकांची माणसं दुसरंच सांगतात. प्रक्षेपकातला माणूस म्हणतो, सिग्नल मिलिवॅटमध्ये आहे तोवर नीट करा, पुढे दुरुस्ती नाही. छपरावरचा माणूस म्हणतो, सिग्नल हरवण्याआधी उचला, नंतर उचलून उपयोग नाही. मधली दहा लाख पट ही मेहनतीची आणि पैशाची बाब आहे, तिच्यावाचून चालणारही नाही. पण ती फक्त मिळालेलं मोठं करते, चांगलं आणि वाईट सारख्याच इमानाने.

हे शहाणपण हाताने कॅव्हिटी जुळवणाऱ्या, मीटरच्या काट्यावरून रात्र की दिवस ते ओळखणाऱ्या पिढीकडे आहे आणि ती पिढी आता निवृत्त झाली आहे. याच मुळशी तालुक्यात हिंजवडी आहे. तिथे नोकरी करणाऱ्या हजारो मुलांचा दिवस सिग्नल आणि प्रणाल्यांतच जातो, पण किलोवॅटची पायरी डोळ्यांनी पाहण्याची संधी त्यांतल्या फार थोड्यांना मिळाली असेल. बंद पडलेल्या प्रक्षेपकांपैकी एक तरी भंगारात न जाता पुणे परिसरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चालत्या स्थितीत उभा राहावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लहर हवेत सोडायचीही गरज नाही. प्रत्येक केंद्रात चाचणीसाठी 'डमी लोड' असायचाच. अँटेनाऐवजी त्याला जोडलं की दहा किलोवॅट तिथेच उष्णता होऊन जिरतात आणि साखळीची प्रत्येक पायरी जिवंत मोजता येते. अर्थिंग रॉड लावायला शिकवणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना बोलावण्याची वेळ हीच आहे.